नानांच्या उशाची भिंत
नाना चमच्याने भिंत उकरायला लागले तेव्हा लेकीने घरातले चमचे वरच्या फळीवर ठेवले. मग ते नखांनी उकरू लागले, मग चष्म्याच्या काडीने. दोन महिन्यांत उशाशी ताटाएवढं प्लास्टर गेलं आणि आतल्या विटा दिसू लागल्या. रोज सकाळी चादर झटकायची, नानांच्या नखांतली वाळू काढायची आणि मग शिवणयंत्रावर बसून लोकांच्या पँटी आखूड करायच्या, असा तिचा दिवस सुरू व्हायचा.

"का हो असं करता, नाना?"

"आत पाणी बोलतंय."

नाना काय, बरंच काही म्हणायचे. आई जाऊन सहा वर्षं झाली, तरी ती दुकानातून यायची आहे, असंही म्हणायचे. तेव्हा पाण्याचं तिने मनावर घेतलं नाही.

पहिला गवंडी "आलोच" म्हणून गेला तो गेलाच. दुसऱ्याने दारातूनच भिंत पाहिली, मग नानांना पाहिलं. "आज मी बुजवणार, उद्या हे उकरणार. नाव माझं खराब," म्हणाला आणि उतरला जिना.

तिसरा साठीचा होता, कंबर धरत वर आला. तांब्याभर पाणी प्यायला आणि थापीच्या मुठीने भिंत वाजवू लागला. भोकाच्या वर, बाजूला, खाली पार जमिनीपर्यंत.

"ताई, ही सगळी पोकळ वाजतेय. पलीकडे काय आहे?"

"बाथरूम."

दोघांनी मिळून नानांना खुर्चीत बसवलं, पलंग ओढला. छिन्नी लागताच प्लास्टरचा मोठा तुकडा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा सुटून आला. मागच्या विटा काळ्या पडल्या होत्या. दोन विटा काढल्यावर पाइप दिसला. सांध्यातून बारीक पाणी झिरपत होतं, आणि जवळ गेलं की त्याची सुळसुळ ऐकू येत होती.

"बोलतंय ना?" नाना खुर्चीतून म्हणाले.

"बोलतंय, आजोबा," मिस्त्री म्हणाला.

लेकीने नानांच्या हातांकडे पाहिलं. एका सकाळी वैतागून तिने त्यांचे दोन्ही हात कापडाच्या पट्टीने पलंगाला बांधले होते. अर्धाच तास, पण बांधले होते.

दुसऱ्या दिवशी प्लंबर येऊन सांधा बदलून गेला. मिस्त्री मात्र लगेच प्लास्टर करेना. "ओल्या भिंतीवर केलं तर महिन्यात पोपडे सुटतील. पंधरा दिवस वाळू द्या."

ते पंधरा दिवस नाना बाहेरच्या खोलीत, शिवणयंत्राशेजारी झोपले. हे कोणाचं घर, असं तासातासाला विचारायचे. तिची पाठ जमिनीला कशीबशी टेकायची.

एकदा त्यांना भात भरवताना ती म्हणाली, "नाना, तुमचंच खरं होतं. भिंतीत पाणी होतं."

"अगं, मग प्लंबरला बोलाव."

"बोलावला."

"बरं केलंस."

ती घास हातात धरून थांबली. "मी तुमचे हात बांधले होते, नाना."

नानांनी हात उलटेसुलटे करून पाहिले. "मग सोडलेस ना?"

"हो."

"मग दे की घास."

सोळाव्या दिवशी मिस्त्री घमेलं घेऊन आला आणि दुपारपर्यंत भिंत सारखी करून निघाला. "उद्यापासून आठवडाभर दिवसातून तीनदा पाणी मारा," जाताना म्हणाला. आणखी एक काम वाढलं. दुसऱ्या दिवशी ती तांब्या घेऊन भिंतीवर पाणी शिंपडू लागली, तर नाना मागून म्हणाले, "चांगली भिंत भिजवतेस? डोकं फिरलंय का तुझं?"

तिला हसू आलं आणि हसताहसताच डोळे भरून आले. "असेल, नाना," म्हणत तिने उरलेलं पाणी शिंपडलं.

रंग द्यायचं त्राण तिच्यात अजून आलेलं नाही. उशाशी करडं ठिगळ तसंच आहे. नानांनी त्याला अजून हात लावलेला नाही.