लिव्हर पूर्ण दाबलेली होती

मित्रांनो, मी एक जुनी स्पोर्ट मोटारसायकल आहे आणि मी अजून रागात आहे. माझ्या वयाच्या गाड्या एव्हाना शांत होतात, कोपऱ्यात गप्प उभ्या राहतात. मला ते जमत नाही. काय घडलं ते ऐका, म्हणजे तुम्हीच म्हणाल की हिचं डोकं तापलं तर त्यात हिचं काय चुकलं?

माझा जन्म कारखान्यातला. एका लांबलचक पट्ट्यावर मी पुढे सरकत होते आणि दोन्ही बाजूंनी माणसं मला एकेक अवयव देत होती. सगळ्यात शेवटी एका बाईने माझ्या डाव्या मुठीजवळच्या छोट्या डबीत फिकट सोनेरी तेल भरलं, झाकणाचे दोन स्क्रू आवळले आणि झाकण फडक्याने पुसलं. त्या झाकणावर अक्षरं कोरलेली आहेत. यात फक्त ब्रेक ऑईल भरा, दुसरं काही भरू नका, एवढाच त्यांचा अर्थ.

साध्या गाड्यांच्या क्लचला तार असते. माझ्या क्लचला तेल आहे. लिव्हर दाबली की डबीखालचा दट्ट्या तेलाला नळीतून खाली ढकलतो, खालचा दट्ट्या सरकतो आणि इंजिन चाकापासून सुटतं. लिव्हर सोडली की पुन्हा जोडलं जातं. तेल दट्ट्याच्या बाजूने निसटू नये म्हणून त्यावर रबरी वायसर असतात. बोटाच्या नखाएवढी गोष्ट, पण सगळी मदार तिच्यावर.

पहिली सहा वर्षं मी शर्यतीच्या ट्रॅकवर धावले. लोक टाळ्या वाजवायचे, माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढायचे. मग नव्या गाड्या आल्या आणि मी एका गोदामात ताडपत्रीखाली धूळ खात पडले. टायर बसले, साखळी गंजली. तिथून मला ताईने बाहेर काढलं.

ताई गाडी चालवायला शिकवायची. एका प्रशिक्षण केंद्राच्या मैदानात रोज बायकांच्या तुकड्या यायच्या. कुणी कधी सायकलवरसुद्धा बसलेली नसायची. ताई त्यांना एकच गोष्ट आधी शिकवायची. “क्लच म्हणजे तुमचा शब्द. दाबलात की गाडी थांबलीच पाहिजे, सोडलात की निघालीच पाहिजे.” मी बाजूला उभी राहून हे ऐकायची आणि मला माझ्या डाव्या मुठीचा अभिमान वाटायचा.

मग एके दिवशी डबीच्या काचेत तेलाची पातळी खाली गेलेली ताईला दिसली. खालच्या दट्ट्याचा वायसर जरासा पाझरत होता, एवढंच. ताईने घरी सांगितलं, “दादा, उद्या हिला दाखवून आणते.”

ताईचा हा थोरला भाऊ टेम्पो चालवतो. जगातलं सगळं यंत्रज्ञान आपल्या मुठीत आहे असा त्याचा समज. “दाखवायचं काय त्यात? तेल कमी झालंय, तेल टाकायचं,” म्हणाला आणि ताई आंघोळीला गेली असताना त्याने टेम्पोच्या स्टिअरिंगसाठी आणलेलं उरलंसुरलं तेल माझ्या डबीत ओतलं. झाकण त्याने स्वतःच्या हाताने उघडलं, मित्रांनो! अक्षरं त्याच्या अंगठ्याखाली होती. वाचायला दोन क्षण लागले असते.

ते तेल माझ्या रबरांना विषासारखं होतं. वायसर फुगू लागले, लिबलिबीत झाले. सिग्नलला न्यूट्रल सापडेना. गिअर टाकला की खाडकन आवाज. लिव्हर दाबलेली असताना मी बोटभर पुढे सरकायची. मी माझ्या परीने ओरडतच होते. ताईने दोनदा विचारलं, “दादा, नक्की ब्रेक ऑईलच टाकलंस ना?” दोन्ही वेळा तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, “हो गं बाई!”

आणि मग ती दुपार. शेवटची तुकडी संपत आली होती. माझं इंजिन चालू, पहिला गिअर, लिव्हर मुठीला टेकेपर्यंत दाबलेली. ताई माझ्यावर बसून फाटकाकडे तोंड करून थांबली होती. नातीला शाळेत सोडता यावं म्हणून शिकायला येणाऱ्या एक आजी माझ्यासमोरून खुणेचे प्लास्टिकचे शंकू उचलत चालल्या होत्या. त्याच क्षणी वायसरने दम सोडला. तेल दट्ट्याच्या बाजूने निसटलं, इंजिन चाकाला जाऊन भिडलं आणि मी उडी मारली. ताईने ब्रेक दाबत हँडल पूर्ण वळवून मला भिंतीवर घातलं. आजींच्या साडीलाही धक्का लागला नाही. ताईचं डावं मनगट मात्र माझ्या आणि भिंतीच्या मध्ये सापडलं. तो आवाज मी ऐकला आहे.

केंद्राच्या मॅडम धावत आल्या. आजी पुन्हा पुन्हा सांगत होत्या, “अहो, हिने क्लच धरला होता, मी बघितलं ना!” त्यांचं कोण ऐकतो? चार दिवसांनी मॅडमनी फोनवर कळवलं, “जिला स्वतःला क्लच धरता येत नाही ती दुसऱ्यांना काय शिकवणार?” ताईच्या तुकड्या दुसऱ्याला दिल्या गेल्या.

आणि दादा? येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, “एवढ्या मोठ्या गाडीचा क्लच, बाईमाणसाच्या हातात तेवढी ताकद कुठून येणार? दमून सुटला असेल.” तीन आठवडे हेच पुराण. मला भंगारात काढायचंही त्याने ठरवून टाकलं. माझ्या टाकीत तेव्हा पेट्रोल होतं की संताप, मला सांगता येणार नाही. पण सगळ्यात वाईट हे की ताईलाही ते पटायला लागलं. ती पडवीत येऊन प्लास्टरमधल्या हाताची बोटं उघडायची, मिटायची आणि स्वतःशीच म्हणायची, “सुटला असेल का माझ्याकडून?”

नाही! नाही सुटला! पण गाडीला तोंड नसतं.

एका सकाळी ती उठली ती वेगळ्याच चेहऱ्याने. शेजारच्या फिटरकाकांना बोलावून तिने माझं मागचं चाक स्टँडवर उचलून घेतलं. इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाकला. काकांनी लिव्हर मुठीपर्यंत दाबली आणि ताईने चिंधी गुंडाळून ती घट्ट बांधायला सांगितली. मग तिने उजव्या हाताने मागचं चाक फिरवलं. चाक मोकळं फिरलं.

“बसा काका,” ती म्हणाली. “आता इथे कुणाचाच हात नाही.”

दोघं पायरीवर बसले. थोड्या वेळाने तिने पुन्हा चाक ढकललं. चाक जाम. लिव्हर होती तिथेच, बांधलेली, तरी इंजिन पुन्हा चाकाला जोडलं गेलं होतं.

ताई रडली, मग हसली, मग ओरडली, “दादा! बाहेर ये!”

दादा आला तोवर काकांनी माझं झाकण उघडलं होतं. “हे लालसर का दिसतंय?” ते पुटपुटले. त्यांनी दोन वाट्यांत पाणी घेतलं. एकीत नव्या बाटलीतल्या ब्रेक ऑईलचा थेंब टाकून ढवळला. तो पाण्यात मिसळून गेला. दुसरीत माझ्या डबीतला थेंब टाकला. त्याचे लाल ठिपके पाण्यावर तरंगत राहिले.

“ब्रेक ऑईल पाण्यात विरघळतं,” काका म्हणाले. “हे नाही विरघळत. कुणी ओतलं?”

दादाने वाटीत बोट बुडवून बघितलं. “तेल म्हणजे तेलच ना शेवटी,” तो म्हणाला.

“झाकणावर काय लिहिलंय? मोठ्याने वाच,” ताई म्हणाली.

त्याने वाचलं.

“मी दोनदा विचारलं होतं तुला. आजी मेल्या असत्या, दादा. आणि तू गावभर माझ्या मनगटाची ताकद मोजत फिरत होतास!”

फुगलेले वायसर, नळी, सगळं बदलावं लागलं. आतून तीनदा धुऊन काढून नवं तेल भरलं. मग नळीत अडकलेली हवा काढायचं काम. ताईचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून लिव्हरवर दादाला बसवलं. “दाब. धर. सोडू नकोस,” ताई सांगायची. काका खालच्या दट्ट्याजवळची हवा सोडायची बोंडी किंचित उघडायचे, बुडबुडे तेलाबरोबर बाहेर यायचे. बोंडी बंद झाली की “सोड.” पुन्हा दाब. पुन्हा धर. तासाभराने दादा म्हणाला, “हात भरून आला गं.” दाब. धर.

प्लास्टर निघाल्यावर ताईने दादाला माझ्या मागच्या वीतभर सीटवर बसवलं, गुडघे छातीला लावून, आणि केंद्राच्या फाटकाशी आणून उतरवलं. मॅडम बाहेर आल्या.

“थोडी चूक झाली माझ्याकडून,” दादा म्हणाला.

“थोडी नाही,” ताई म्हणाली. “काय ओतलंस, विचारल्यावर काय सांगितलंस, आणि नंतर काय बोलत फिरलास, ते सांग.”

त्याने सगळं सांगितलं, तुकडीतल्या अकरा बायकांसमोर. आजी पुढे येऊन म्हणाल्या, “मी तेव्हाच सांगत होते.” मॅडमनी मान खाली घातली. पुढच्या सोमवारपासून ताईच्या तुकड्या तिला परत मिळाल्या. तिचं मनगट मात्र पूर्वीसारखं वळत नाही, आणि म्हणूनच माझा राग गेलेला नाही.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे मागणं मोठं नाही. आमच्या डबीच्या काचेत अधूनमधून डोकावा. तेल काळं पडलं तर बदला, कमी झालं तर ते कुठे जातंय ते आधी शोधा. चूक झाली असेल तर विचारणाऱ्याला खरं सांगा, तेवढ्यानेही एखादं हाड वाचतं. आणि उद्या कुणी तुम्हाला म्हणाली, “मी घट्ट धरलं होतं, तरी गाडी पुढे गेली,” तर तिच्या हाताकडे बघू नका. गुडघे टेकून खाली बसा आणि गाडी तपासा.