पाव किलोची माळ

रिटायर झालेला माणूस घरात अडगळ होतो म्हणतात. ड्रायव्हरकाकांनी उलट घराचीच अडगळ करून टाकली. तीस वर्षं बस चालवताना नदीचा पूल दिवसातून आठ वेळा ओलांडला, पण खाली पात्रात उतरायला कधी फुरसत मिळाली नाही. आता रोज सकाळी ते पिशवी घेऊन उतरायचे आणि दगड वेचून आणायचे. बाल्कनीत जुन्या वॉशिंग मशीनच्या मोटरवर त्यांनी एक डबा बसवला होता. त्यात दगड, पाणी आणि पॉलिशची पूड घातली, की तो महिना महिना घरघरत राहायचा.

"लोकांकडे डाळ शिजते, आमच्याकडे दगड," काकू म्हणायच्या.

पहिली माळ काकांनी सुनेला दिली. तांबूस, हिरवट, एक तर अगदी मधाच्या रंगाचा, असे सोळा दगड तांब्याच्या तारेत बांधलेले. सुनेने ती लगेच गळ्यात घातली. "बाबा, किती सुंदर झालीय हो!" ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची. रोज माळ घालून निघायची, आणि ती कोपऱ्यावर वळेपर्यंत काका बाल्कनीतून बघत राहायचे.

एक दिवस ब्लडप्रेशरच्या गोळ्या संपल्या म्हणून काका स्वतःच दुकानात गेले. डोक्यावर पंखा गरगरत होता. डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा उडू नये म्हणून त्यावर वजन ठेवलं होतं. ते वजन म्हणजे माळ!

सून गोरीमोरी झाली. काका गोळ्या घेऊन परतले.

संध्याकाळी ती आल्या आल्या त्यांच्यासमोर बसली. "रागावलात ना?"

"छे. नाही आवडली तर नाही आवडली."

"आवडली म्हणून तर बोलले नाही, बाबा! दुपारपर्यंत मान अशी अवघडते, की डावीकडून गिऱ्हाईक आलं तर अख्खी वळते मी."

काकूंनी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणून माळ त्यावर ठेवली. पाव किलोच्या थोडी वरच भरली. "अहो, सुनेला माळ दिलीत की गळ्यात लोढणं बांधलंत?"

आधी सून फिसकन हसली, मग काकांनाही राहवेना. त्यांनी पक्कड आणली आणि टेबलावरच माळ सोडली. सुनेने हवे ते पाच दगड निवडले. "बाकीचे राहू देत डब्यात," म्हणत काकांनी हात पुढे केला, तर मधाच्या रंगाचा दगड काकूंच्या मुठीत.

"तो दे की."

"का? मला काय गळा नाही?"

काका बघतच राहिले. "तू कधी बोललीच नाहीस!"

"तुम्ही कधी विचारलंत?"

काकांनी तार घेतली. चष्मा नाकावर घसरत होता, सून मागे अडकवायचा फासा धरून बसली होती. तासाभराने त्यांनी काकूंच्या गळ्यात तो दगड घातला.

"जड नाही ना?"

"मागे जरा टोचतंय," काकू म्हणाल्या. काका काढायला गेले, तर काकूंनी त्यांचा हात झटकला.