राजम्याचे दाणे

छापखान्यातून घरी आला की हात-पाय धुऊन बाप लेकीला समोर बसवायचा. बिट्टी दुसरीत होती. तिला बेरीज येत नव्हती आणि ती याच वर्गात राहील, असं बाईंनी सांगून टाकलं होतं. तेव्हापासून बापाच्या हातात पट्टी आली.

"सात नि पाच किती?"

बिट्टी फ्रॉकची कड बोटाला गुंडाळत बसायची.

"दगडाशी बोलतोय का मी? सात नि पाच?"

"नऊ," ती कसंबसं म्हणायची, आणि पट्टी बोटांवर बसायची. स्वयंपाकघरात आईचा हात थांबायचा. पण ती मध्ये पडायची नाही. पोरीच्या भल्यासाठीच चाललंय, असं तिने स्वतःला समजावलं होतं. आपल्यापैकी कितीतरी घरांत हीच समजूत असते, नाही का?

त्या सुमारास बापाची थोरली बहीण राहायला आली. तिचा जन्म बालवाडीत शिकवण्यात गेला होता. एका दुपारी ती राजमा निवडत बसली आणि बिट्टीलाही तिने जवळ ओढलं.

"तुझ्या वाटीत चार दाणे. माझे तीन घेतलेस तर?"

बिट्टीने एकेक दाणा बोटाने सरकवला. "सात, आत्या."

"आणि त्यात हे पाच?"

"बारा." एवढं बोलून ती चक्क हसली.

त्या दिवशी बाप लवकर घरी आला होता. दारातून त्याने हे पाहिलं आणि त्याला हर्ष झाला. तो तसाच चपला घालून आत शिरला. "अगं, येतं की तुला! मग सांग बघू, आठ नि सहा?"

बिट्टीचा चेहरा उतरला. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"आत्ता तर घडाघडा सांगत होतीस! नाटकं करतेस?" त्याने वाटी उडवली. दाणे घरभर झाले.

बहिणीने बिट्टीला तिच्या आईकडे पाठवलं. मग शांतपणे म्हणाली, "तुझं कागद कापायचं मशीन अडकलं तर काय करतोस?"

"बंद करतो. कुठे अडकलंय ते बघतो."

"त्याला मारत नाहीस?"

"मशीनला कोण मारतं, ताई?"

"मग पोरीलाच का? तिला बेरीज येते रे. तू समोर आलास की जाते. आधी दाणे हातात धरू दे, सरकवू दे. आकडा मागाहून डोक्यात बसतो. पण तू डोक्यात भीती बसवलीस, आता तिथे दुसरं काही मावत नाही."

तो खाली बसला आणि दाणे गोळा करू लागला. कपाटाखालचेही त्याने काढले. पट्टी त्याने मोडून टाकली.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः वाटी मांडली. आवाज जमेल तितका मऊ केला. "हे तीन, बाळा. आणि हे दोन." बिट्टीने दाण्यांकडे पाहिलंच नाही. ती त्याच्या हातावर नजर ठेवून होती. तो हात नुसता कपाळावरचा घाम पुसायला वर गेला, तर तिने डोळे मिटून घेतले.

बहीण आपल्या घरी परत गेली. आता आईने पोरीला घेऊन बसायला सुरुवात केली. बापही अधूनमधून बसून पाहायचा. पण तो समोर असला की बिट्टी वाटीला हात लावायची नाही. वर्षअखेर ती त्याच वर्गात राहिली.

आता तो कामावरून आला की आधी जिन्यात थांबतो. दारापलीकडून ऐकू येतं, "नऊ... दहा... अकरा." आवाज मोकळा असतो. त्याने एकदा दार ढकललं होतं, तेव्हा मोजणं तिथेच थांबलं होतं. म्हणून तो पायरीवर बसून राहतो, वाटीत दाणे परत पडल्याचा आवाज येईपर्यंत.

वाचकहो, बेरीज उशिरा आली तर काही बिघडत नाही. मूठभर दाणे आणि थोडा धीर असला की ती येते. पण आपल्या हाताची भीती एकदा लेकराच्या मनात बसली, तर ती काढायला कोणती वाटी मांडायची, हे त्या बापाला अजून कोणी सांगू शकलेलं नाही. तेव्हा आपण हात उगारण्याआधीच थांबूया.