ओकचं आख्यान

नीनाताईंनी तीन आठवडे एका ओकच्या झाडापायी घालवले होते. तळ्याकाठचा तो ओक विजेनं निम्मा जळालेला, आणि उरलेल्या निम्म्याला दर मे महिन्यात न चुकता पालवी. त्याचं आख्यान त्यांनी स्वतः रचलं, पदाला चाल लावली आणि रोज रेडवेवरून, सायकलींच्या त्या लाल वाटेवरून, चालताना घोकलं. मागून येणारे सायकलवाले घंटी वाजवून थकले.

विलायतेतल्या मिल्टन कीन्सच्या कम्युनिटी रेडिओवर दर रविवारी अकरा वाजता त्यांचं 'झाडांचं कीर्तन' लागे. आठ वर्षं झाली. देव देवळात असतो तसा पानातही असतो, सांगणं एवढंच. पण ताई सांगू लागल्या की ऐकणारी बाई भांडी घासता घासता नळ बंद करी. गेल्या हिवाळ्यापासून मात्र वरच्या पट्टीत आवाज फाटायला लागला होता. मराठी तासाचं बघणाऱ्या पुरुषोत्तमरावांनी फोनवर सांगूनच टाकलं, "ताई, हा रविवार ऐकतो आणि ठरवतो, स्लॉट तुमच्याकडेच ठेवायचा की कसं. पर्सनली घेऊ नका हं."

म्हणजे जे काय व्हायचं ते आज, या ओकवर.

"वरचा सा नाही लागला तर मी आहे ना, ताई," गाडी चालवता चालवता चैत्राली म्हणाली.

"तू झांज नीट धर. तेवढं पुष्कळ आहे."

चैत्राली पुण्याची, आयटीतली, सहा वर्षं त्यांची शिष्या. ताईंचा तिच्यावर जीव होता. तिला मात्र तो त्यांनी कधी कळू दिला नाही. दोन वर्षांपूर्वी भर कीर्तनात तिनं त्यांचा चुकलेला शब्द हळूच सुधारला होता. आरती झाल्यावर ताईंनी तिला सगळ्या साथीदारांसमोर स्वतःचा कान धरायला लावून उभं केलं. "जो उभा, तो नारद. तो गादीवर आहे तोवर गुरूनंसुद्धा मध्ये तोंड घालायचं नाही. कळलं?"

कळलं होतं. चांगलंच.

कम्युनिटी सेंटरच्या मागचा तो स्टुडिओ, स्वयंपाकघराएवढा. काचेपलीकडे कानाला हेडफोन लावून पुरुषोत्तमराव. ताईंचा पूर्वरंग बरा गेला; एकदाच आवाज चिरला आणि काचेपलीकडे पेन हललं. मग आख्यानाआधीचं मध्यंतर. रीतीप्रमाणे कीर्तनकाराला बुक्का लावायचा, हार घालायचा, आणि तेवढ्यात शिष्यानं एक पद म्हणायचं. चैत्रालीनं बुक्का लावला, कार्नेशनच्या फुलांचा हार घातला, वाकून नमस्कार केला आणि माईकपाशी जाऊन पद म्हटलं. पद संपलं. ताईंनी श्वास भरला आणि पाऊल पुढे टाकलं.

चैत्राली जागची हलली नाही.

"श्रोतेहो, तळ्याकाठी एक ओक होता," ती म्हणाली. "विजेनं निम्मा जळालेला…"

ताईंचंच आख्यान, साथीच्या तालमीत ऐकलेलं, शब्द न शब्द! ताईंनी काचेकडे पाहिलं. पुरुषोत्तमरावांनी नजर बटणांवर वळवली. त्यांचा चेहरा दचकलेल्या माणसाचा नव्हता. ताईंनी एक शब्द उच्चारला असता तरी पुरे होतं. ताईंचे ओठ उघडले, आणि त्याच क्षणी, आख्यान न थांबवता, चैत्रालीनं डाव्या हातानं स्वतःच्या कानाची पाळी धरली.

ताईंनी ओठ मिटले. चैत्रालीनं खाली ठेवलेली झांज उचलली.

आणि पोरगी गायली असं की काय सांगावं! 'पान गळाले तरी, मूळ बोले हरी' या ओळीला ती वरच्या 'सा'वर गेली आणि तिथेच राहिली. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन आठवडे ज्याला बोलावलं तो देव आला होता, फक्त दुसरीच्या गळ्यात.

आरतीआधी श्रोत्यांचे फोन घ्यायचे, तेही रीतीतलंच. पहिलाच फोन स्पीकरवर वाजला. "जयभीम ताई! मी गयाबाई, ब्लेचलीहून. बुद्धाला मानणारी बाई मी, पण तुमचं पिंपळाचं ऐकलं तेव्हापासून एक रविवार चुकवला नाही. अहो, काय गळा लागला आज! सुरुवातीला म्हटलं, संपलं बाईंचं. मध्यंतरानंतर तर वीस वर्षांनी तरुण झालात! काय घेतलंत?"

चैत्रालीनं माईक हलकेच ताईंकडे सरकवला. "सांगा ना ताई. त्या तुम्हाला विचारतायत."

"गयाबाई," ताई म्हणाल्या, "तो माझा गळा नव्हे. ती चैत्राली. माझी शिष्या."

"अगं बाई! मग ते आधीचं तुम्ही होय?"

"हो."

मग गयाबाई अगदी मायेनं म्हणाल्या, "रागावू नका हं ताई. पुष्कळ दिलंत आम्हाला. आता तिलाच गाऊ द्या. तुम्ही बसा निवांत."

पुरुषोत्तमरावांनी फोन बंद केला, जाहिरात लावली आणि ते आत डोकावून म्हणाले, "बघा, श्रोत्यांनीच ठरवलं. मी कुठे काय बोललो?"

आरती राहिली होती, आणि आरतीशिवाय कीर्तन पुरं होत नाही. उत्तररंगाचं आख्यान ज्यानं केलं, हार त्याच्याच गळ्यात शोभतो. ताईंनी आपला हार काढून चैत्रालीच्या गळ्यात घातला. ती पाया पडायला वाकली आणि उठता उठता त्यांच्या कानाशी म्हणाली, "झांज नीट धरा, ताई. तेवढं पुष्कळ आहे."

काचेवर लाल दिवा लागला. ताईंनी झांज धरली.