हुपरीच्या खिळ्यांना टांगलेलं गाईड

हे सांगायचंच न्हाय असं मी जवळजवळ ठरवलंतं. दोनदा सुरुवात केली, दोनदा सोडून दिली. कारण पुस्तकानं आपली गोष्ट सांगायची म्हणजे कसं, कव्हर फाटलं म्हणून रडायचं, धूळ बसली म्हणून रडायचं आणि शेवटी हात जोडून म्हणायचं की मला जपा. मला त्यातलं काही जमणार न्हाय. माझी पानं सुटी सुटी होऊन हुपरीतल्या एका घरात खिळ्यांना टांगल्यात, निम्म्यांवर चहा सांडलाय, आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटत न्हाय. ऐकून कुणाला राग आला तर येऊ दे.

तर मित्रांनो, मी एक जुनं गाईड हाय. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत इंग्रजीचे प्रश्न असतात, त्यांची तयारी करून घेणारं. छापलो तेव्हा माझी भाषा एकदम शुद्ध होती. पण दोन वर्षं हुपरीत काढल्यावर 'आहे' म्हणायला जीभच वळंना. चालवून घ्या.

माझी पहिली मालकीण निशिगंधा, गडमुडशिंगीची. तिनं मला कोल्हापुरातून नवं कोरं नेलं. खाकी कव्हर घातलं, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर नावाचं लेबल. हात धुऊन मला उघडायची. पेन्सिलची रेघसुद्धा कधी मारली न्हाय. घरी आलेला पावणा म्हणायचा, पोरीनं पुस्तक किती जपलंय बघा. मी लई फुगायचो. पण ती उघडायची ती पहिली चाळीस पानंच. पुढं इंग्रजी उतारे सुरू व्हायचे. उतारा दिसला की ती मला हळूच मिटायची. असं करत करत फॉर्म भरायची तारीख निघून गेली. पुढं तिला डेअरीच्या ऑफिसात काम लागलं, ती तिथं मजेत हाय, तिच्यावर माझा राग न्हाय. मी जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेलो. दुकानदार पण म्हणाला, अगदी नव्यासारखं हाय. नव्यासारखं म्हणजे न वाचलेलं, हे तेव्हा मला कुठं ठाऊक होतं.

तिथनं मला शिवशरणनं उचललं.

शिवशरण हुपरीचा. घरातच चांदीचा कारखाना, म्हणजे पुढची खोली. जमिनीवर पोत्यांवर बसून पैंजण करायचे. कड्या वळायच्या, एकीत एक ओवायच्या, ज्योतीवर जोडायच्या. कारखाना चालवतो त्याचा काका गुरुसिद्ध. शिवशरणची आई रत्नव्वा कड्या ओवायला बसती, शेजारच्या दोघी-तिघी बाया आणि शेजारचीच शिवलीला पण. ती तेव्हा अकरावीला होती, कॉलेज सुटलं की यायची.

शिवशरणनं नर्सिंगचं नाव काढलं तेव्हा मी पिशवीतच होतो, सगळं ऐकलं. काका म्हणाला, "नर्स? मग पांढरी साडी कधी घ्यायची तुला?" बाया तोंडाला पदर लावून हसल्या. शिवशरण कानापर्यंत लाल झाला, पण खाली बघितलं न्हाय.

रत्नव्वानं चिमटा खाली ठेवला. ती म्हणाली, "भावोजी, ह्याचा बाप दवाखान्यात पडला तवा त्याला दोन हातांवर उचलून संडासला न्हेणारा नर्स पोरगाच हुता. अंग पुसायचा, दाढी करायचा. ते जायच्या दिवशी उशाला त्योच बसलावता. त्याचं नाव इचारायचं ऱ्हायलं माझं. माझ्या पोरानं त्येच काम करायचं."

मग कुणी हसलं न्हाय. काकानं ज्योत बारीक केली. म्हणाला, दोन वर्षं देतो. दोनदा परीक्षा दे. न्हाय जमलं तर तिसऱ्या वर्षी गप पोत्यावर येऊन बसायचं, कायमचं.

बाकीच्या विषयांचं शिवशरणला भ्या नव्हतं. भ्या होतं ते माझं.

पहिल्या वर्षी त्यानं मला निशिगंधासारखंच जपलं, फक्त उतारे उघडले एवढाच फरक. उतारा घ्यायचा, एक शब्द अडला की मोबाईल काढायचा, अर्थ शोधायचा, वहीत लिहायचा. एका उताऱ्याला दोन दिवस. परीक्षेत मोबाईल कुठला. तिसऱ्या ओळीतच एक शब्द अडला आणि गडी तिथंच बसून राहिला. वेळ संपली. इंग्रजीत विसापैकी चार.

घरी आल्यावर त्यानं काय केलं असंल? पत्रा कापायची कात्री घेतली आणि माझी पाठ कापली. खटाखट. मला वाटलं, संपलं आपलं. उद्या बंबात जायचं.

पण त्यानं पानांना भोकं पाडली, त्यातनं तार ओवली आणि जिथं जिथं बसायची जागा तिथं समोरच्या भिंतीवर खिळा ठोकून पानं टांगली. चांदीच्या कामात दोन्ही हात गुंतलेले असतात, पुस्तक धरणार कशानं? डोळं तेवढं मोकळं. मी पहिल्यांदाच दिवसभर उघडा राहिलो. धूर लागला, चहा उडाला, हाताचा काळा डाग पडला. आणि वाचला गेलो, मित्रांनो. रोज.

एक दिवस रत्नव्वा म्हणाली, तू भिंतीकडं बघून पुटपुटतोस, जरा मोठ्यानं वाच आणि मराठीत सांग, आमचा पण येळ जाईल. शिवशरणनं एक उतारा सांगायला घेतला. डोंगरातल्या गावात एक म्हातारी असती. नर्सबाई दर आठवड्याला येऊन तिला गोळ्या देती. म्हातारी म्हणती, घेते की. पण तिचा ठसका काय कमी होत न्हाय. एक दिवस नर्सबाई... आणि शिवशरण थांबला.

"मग?" रत्नव्वा म्हणाली.

"थांब अव्वा, एक शब्द अडलाय."

"शब्द ऱ्हाऊ दे तिकडं. म्हातारी काय करती ते सांग. एक कडी वाकडी निघाली म्हणून आमी साखळी टाकून बसतो व्हय? फुडची ओवायची. मग वाटलं तर माघारी यायचं."

त्याचे हात चांदीत होते, मोबाईल काढता येईना. नाइलाजानं तो पुढं गेला. नर्सबाईला तांदळाच्या डब्यात तळाशी सगळ्या गोळ्या सापडत्यात, एकही कमी न्हाय. एवढं सांगून त्याचं त्यालाच नवल वाटलं. तो शब्द न कळताच गोष्ट कळलीती.

आणि नेमकं तिथंच पान संपलं. पुढचं पान खिळ्याला न्हाय.

सगळीकडं शोधाशोध. मग ध्यानात आलं. तयार पैंजण काका कागदात गुंडाळून कोल्हापूरच्या शेठकडं नेतो. सकाळी घाईत हाताला आला तो कागद ओढला आणि पहिल्या एसटीनं गेला. माझं पान पैंजणावर बसून कोल्हापूरला.

आता बायांचं काय काम चालंना. म्हातारी गोळ्या खात का न्हाय? रत्नव्वा म्हणाली, घशाखाली उतरत नसतील. कुणी म्हणालं, कडू लागत असतील. मग शिवलीलानं मान वर केली. ती म्हणाली, "खायच्या नसत्या तर टाकून दिल्या असत्या की. तिनं साठवल्यात. म्हणजे कुणासाठी तरी ठेवल्यात. अजून कोणतरी हाय त्या घरात."

काहीतरीच काय, म्हणत शिवशरण पुन्हा पहिल्या ओळीवर गेला. कुणी सांगितलं म्हणून न्हाय, शिवलीलाला खोटं पाडायचं म्हणून. एकदा वाचलं. दोनदा. पाचव्यांदा त्याला सापडलं. वर चौथ्याच ओळीत होतं, म्हातारीच्या अंगणात दोन ताटं वाळत घातलेली. एकट्या बाईची दोन ताटं कशाला? तो शिवलीलाकडं बघतच राहिला. ती कडी ओवत म्हणाली, "माझं तोंड काय बघतोस, पान बघ."

त्या दिवसापासनं तो तसाच वाचायला लागला. शब्दाशी मारामारी न्हाय. गोष्ट कुठं चाललीय ते धरायचं आणि मागंमागं जायचं.

चार दिवसांनी काका पुन्हा कोल्हापूरला गेला. परत आला तो खिशातनं एक चुरगळलेला, तेलकट कागद काढून शिवशरणपुढं धरला. हे बघून सगळे गार. नर्सिंगवर हसणारा हाच माणूस, इतके दिवस पाठ फिरवून काम करत सगळं ऐकत होता. म्हणाला, "शेठची रद्दी उपसली सगळी. त्यो म्हनला, ह्या कागदात काय सोनं हाय काय. म्हनलं, म्हातारी हाय. आता वाच. ती अर्धी ऱ्हायल्यापास्नं माझं बी कामात ध्यान न्हाय."

शिवशरणनं वाचलं. शेजारी एक पांगळा म्हातारा होता, ठसका त्यालाही होता, पण दवाखान्यापर्यंत चालवत नव्हतं आणि दुसऱ्याच्या गोळ्या घ्यायला तो राजी नव्हता. एक ताट त्याचं. गोळ्या पण त्याच्यासाठीच, तो घ्यायला तयार होईल त्या दिवसासाठी साठवलेल्या. रत्नव्वानं डोळ्याला पदर लावला. शिवलीलानं नुसती भुवई उडवली.

दुसऱ्या वर्षी परीक्षेत दोन उतारे आले. शब्द अडले, शिवशरण अडला न्हाय. विसापैकी तेरा. तेराच, पण पुरले. शेवटच्या यादीत नाव लागलं, लांबच्या जिल्ह्यात. तो जायच्या आदल्या दिवशी गल्लीतला एकजण दारात उभा राहून काकाला म्हणाला, पोरगं नर्स होणार म्हणं तुमचं.

"व्हय," काका म्हणाला. "तू आडवा पडलास की बोलव."

शिवशरण गेला. जाताना एकही पान नेलं न्हाय. बारावी पास झालेली शिवलीला आता त्याच्या पोत्यावर बसती, त्याच्याच खिळ्यासमोर. यंदा ती फॉर्म भरणार हाय. तिच्या घरचे म्हणत्यात, इंग्रजी तुझ्या बापानं तरी वाचलंय का. ती पान उलटती.

म्हणून मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार न्हाय. तुमच्याकडं माझ्यासारखं एखादं कोरं, नव्यासारखं, प्लॅस्टिक घातलेलं असंल तर त्याची कीव करा. त्याला मळवा. रेघा मारा. कात्री लावायला लागली तर लावा.

आणि शिवलीला, तू माझी दोस्त, तुला तेवढा शब्द देतो. तू कितीही वेळा अड, मी तुझ्यासमोर मिटणार न्हाय. मिटायला मला पाठच उरलेली न्हाय.