मागे फिरणारं जहाज

मी एक जुना प्रोजेक्टर आहे. गोव्यातल्या पार्से गावच्या शाळेतल्या कपाटात, फाटक्या नकाशांच्या मागे पडून असतो. अंगभर धूळ साचली तरी शिंकता येत नाही, बघा!

मित्रांनो, माझेही दिवस होते. गोवा मुक्त झाल्यावर दहा-बारा वर्षांनी कृष्णनाथ मास्तरांनी मला पणजीहून आणलं. रविवारी दुपारी खिडक्यांना गोणपाटं लावून वर्गात काळोख करायचे आणि मी सुरू व्हायचो. एका सिनेमावर तर गावाचा भारी जीव! आकाशातून जहाज उतरतं, लोखंडी टोप्यांचे शिपाई हिरव्या ग्रहावर झेंडा रोवतात, तिथल्या लोकांची भाषा बंद करतात आणि बंड करणाऱ्यांना जहाजात कोंबून नेतात. सिनेमा काढलेला त्या शिपायांच्याच बाजूनं. पण इंग्रजी समजतंय कोणाला? मास्तर पडद्याजवळ उभे राहून सांगायचे, "हे पाखले, आणि हे आपण." पाखले म्हणजे गोऱ्या कातडीचे पोर्तुगीज. झालं! सगळा वर्ग बंडवाल्यांचा.

पहिल्या रांगेत चंद्रावती बसायची. तिच्या नवऱ्याला, सखारामला, पाखल्यांनी असंच पकडून जहाजात घातलं होतं. तो परत आला नाही. साधं पत्रही नाही.

एकदा रीळ उलटं गुंडाळताना मास्तर दिवा विझवायला विसरले. पडद्यावर जहाज मागे आलं, शिडी उतरली, नेलेली माणसं पाठमोरी खाली येऊ लागली. शेवटी झेंडासुद्धा उपटला गेला!

"आयले! परत आयले!" चंद्रावती ओरडली.

तेव्हापासून प्रत्येक खेळ उलटा संपवायचा रिवाजच पडला. "मास्तर, आतां परत फिरयात मरे," अशी तीच आठवण करून द्यायची.

गोव्याचं राज्य झालं त्या वर्षी एका रविवारी उलटा खेळ चालू असताना माझा रीळ फिरवणारा रबरी पट्टा तुटला आणि चित्र थांबलं. शिडीवरच्या शेवटच्या माणसाचा पाय तेव्हा जमिनीपासून वीतभर वर होता. थांबलेली फीत जळू नये म्हणून मास्तरांनी झटकन दिवा विझवून रीळ वाचवलं. पण नवा पट्टा कुठे मिळेना. मग व्हिडिओ आला, मास्तर निवृत्त झाले आणि माझी रवानगी कपाटात झाली.

चंद्रावती मात्र अजून दर रविवारी येते. साठी उलटलीय तिची. कपाटाचं दार हळूच वाजवून विचारते, "आज तरी जायत मरे?" म्हणजे, आज तरी होईल ना? फार एकटं वाटतं तेव्हा.

मित्रांनो, जुन्या वस्तूला भंगार म्हणण्याआधी तिच्यात कोणाचं काय अडकलंय, ते विचारा. माझं दुखणं एका पट्ट्याचं आहे. तो मिळाला, तर आधी चंद्रावतीला निरोप धाडा, मगच दिवा लावा. त्या माणसाला अजून जमिनीवर पाय टेकायचाय.