पुट्टीखालचा वांगी रंग

मी एक मडगार्ड. लाँड्रीच्या जुन्या पांढऱ्या व्हॅनचा, पुढचा, डाव्या बाजूचा. मला माफ वगैरे करता येत नाही, हे आधीच सांगतो. ज्यांना ते जमतं त्यांची आत्मवृत्तं शाळेत वाचून दाखवतात. हे त्यातलं नाही.

मी पत्र्याचा नाही, फायबरचा. साच्यात काचेच्या धाग्यांची मॅट अंथरली, वर चिकट, वाळून कडक होणारं रेझिन ओतलं, रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढले आणि मला वाळत टाकलं. साच्याला टेकलेली बाजू आरशासारखी झाली, आतली खरबरीत राहिली. पत्र्याला धक्का बसला की तो चेपतो, ठोकला की पुन्हा सरळ होतो. मला ते जमत नाही. मी सोसतो, सोसतो आणि तडकतो. आणि तडकलो की विसरत नाही.

व्हॅन घेतली लाँड्रीवाल्यांच्या घरातल्या पोरीच्या वडिलांनी. रविवारी ते मला ओल्या फडक्याने पुसायचे आणि पोरगी चाकाजवळ बसून बडबडायची. मग ते गेले. तेराव्या-चौदाव्या दिवशी घरात सगळ्यात आधी काय हललं असेल, तर व्हॅनची किल्ली. ती खुंटीवरून थेट पोरीच्या काकांच्या खिशात गेली.

काका म्हणजे लाँड्रीचे मालक. म्हणजे तसं ते म्हणतात. ‘आमच्या वेळी’ या दोन शब्दांवर त्यांचा दिवस निघतो. पोरीने कॉलेज अर्ध्यात सोडलं आणि वडिलांची व्हॅन चालवायला घेतली, तेव्हा त्यांनी आकाशपाताळ एक केलं. पण पहाटे उठून हॉटेलांच्या चादरी कोण पोहोचवणार? मग किल्ली दिली. उपकार केल्यासारखी.

पोरगी माझ्यासाठी खड्डे चुकवायची. काका मला ‘प्लास्टिकचं डबडं’ म्हणायचे.

आता तो रविवार. काकू माहेरी गेली होती, पोरगी मैत्रिणीकडे. काकांनी काकूला निघतानाच सांगितलं होतं, “गुडघा ठणकतोय, मी आपला पडून राहतो.” ती कोपऱ्यावर वळली आणि यांचा गुडघा बरा झाला. व्हॅन काढली आणि गेले आपल्या मित्राकडे, एका निवृत्त हेडमास्तरांकडे, पत्ते कुटायला. पत्ते सोडले म्हणून काकूला शब्द दिलेला होता, ते वेगळंच.

या हेडमास्तरांचं फाटक सगळ्या गावाला माहीत आहे. दुकानात उरलेला रंग स्वस्तात मिळाला म्हणून त्यांनी खांबांसकट ते वांगी रंगवून टाकलंय. लोक पत्ता सांगताना हसतात. संध्याकाळी निघताना काकांनी मला त्याच खांबावर घातलं. डाव हरले होते, त्याचा राग ॲक्सिलरेटरवर निघाला. मी उभा तडकलो, आणि खांबाच्या रंगाची एक कपची माझ्या फटीत घट्ट रुतली.

मला नीट करायचं तर तडा आधी खणून काढावा लागतो. सगळं सैल, सगळं मळकं घासून टाकायचं, आतल्या बाजूने मॅट आणि रेझिनचे थर द्यायचे, मग वरचं बघायचं. काकांनी काय केलं? शेडचं दार लावून घेतलं, उघड्या हातांनी पॉलिश पेपर घेऊन मला वरवर खसाखसा घासलं, फटीवर पुट्टी थापली आणि डब्यातला पांढरा रंग फवारला. लांबून चकचकीत. कपची आत तशीच. जाताना मला थोपटलं वर! “झालं. कुणाला कळतंय?”

मला कळलं होतं. घासताना उडालेले माझे काचेचे बारीक धागे मी त्यांच्या दोन्ही हातांत, मनगटांपासून कोपरांपर्यंत, प्रेमाने पेरले.

सोमवारी सकाळी काका खाजवत होते. चहा घेताना, गिऱ्हाइकाशी बोलताना, फोन धरून.

“अहो, काय झालं हातांना?” काकूने विचारलं.

“तुझा तो नवा साबण! सालटी काढतोय.”

इस्त्रीवाला मान वर न करता म्हणाला, “मालक, मी तर रोज त्याच साबणाने हात धुतो. मला कुठं काय होतंय?”

“तुझं कातडं इस्त्रीने भाजून निबर झालंय.”

काकूने बिचारीने साबणाचं अख्खं पोतं परत केलं. मी शेडमध्ये उभ्या उभ्या हसत होतो. पण खाजेवर माझं पोट भरणार नव्हतं. मी पुट्टी धरून ठेवणं सोडून दिलं. रोज थोडी थोडी सैल केली. म्हटलं, काका गाडीत असतील तेव्हा सोडीन.

पण काका गाडीत बसतात कधी? एका सकाळी मोठ्या हॉटेलच्या मागच्या दारी एका खड्ड्याने घात केला आणि पुट्टीचा तो पापुद्रा मॅनेजरच्या बुटांवर जाऊन पडला. स्टिअरिंगवर पोरगी होती.

घरी आल्यावर अंगणात तमाशा झाला.

“ठोकलीस आणि वर पुट्टी थापलीस? आम्ही काय आंधळे आहोत?”

“काका, मी नाही ठोकली.”

“मग काय गाडी आपली आपण फिरायला जाऊन आपटली? कॉलेजला लाथ मारलीस, बापाच्या गाडीची वाट लावलीस. फोडलंयस तू, नीटही तूच करायचंस. नाहीतर भंगारवाल्याला मी सांगूनच ठेवलंय. आण ती किल्ली.”

तिने किल्ली दिली. रडली नाही. तिच्या जागी मी असतो तर तडकलो असतो, तसा होतोच तडकलेला. भंगारात गेलो असतो तर ती कपचीही माझ्याबरोबर गेली असती, आणि हा माणूस जन्मभर ‘आमच्या वेळी’ म्हणत बसला असता.

पण बघा हं, मूर्खपणा कसा असतो. ‘नीट कर’ म्हणून सांगितलं त्यांनीच. त्यांना वाटलं, ही पण आपल्यासारखीच वरून थापेल.

पोरीने मला बोल्ट काढून उतरवलं, अंगणात दोन स्टुलांवर आडवं ठेवलं. मास्क लावला, हातमोजे चढवले आणि ग्राइंडर घेऊन तडा दोन्ही बाजूंनी खणायला लागली. दुखलं. पण असं दुखणं चालतं. हातमोजा आणि बाही यांच्यामध्ये मनगटाची एक पट्टी उघडी होती. थोड्या वेळाने ती खाजवायला लागली. साबणाने धुतलं, तरी खाज जाईना. आणि मग ती एकदम थांबली. स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिली. मग दाराशी उभ्या असलेल्या काकांच्या, खाजवून ओरखडलेल्या हातांकडे बघितलं.

तिने ग्राइंडर ठेवला, पॉलिश पेपरचा तुकडा घेतला आणि हळूहळू उरलेली पुट्टी काढली. कपची उघडी पडली. मी कपचीचं तोंड उन्हाकडे करून दिलं.

“काकू, जरा इकडे ये गं.”

काकू चष्मा घालून वाकली. इस्त्रीवालाही आला. “वहिनी, या गावात या रंगाचं दुसरं काही असेल, तर ते वांगं,” तो म्हणाला.

काकू सावकाश सरळ झाली. “अहो, त्या रविवारी गुडघा ठणकत होता ना तुमचा?”

“रंग काय, कुठलाही लागतो…”

“आणि माझ्या साबणाने हात सोलले होते. पोतं परत करायला लावलंत मला. दुकानदारासमोर किती खाली मान घातली मी.”

काका पोरीवर फिरले. “मोठ्या माणसाला असं चारचौघांत उभं करतात?”

“मी अजून काही बोललेच नाही, काका.” तिने हात पुढे केला. “किल्ली.”

हातमोज्यावर माझी पांढरी धूळ होती. ती बघून काकांनी किल्ली वीतभर वरूनच सोडली. त्या वीतभर अंतरासाठी मी इतके दिवस जगलो.

पुढे तिने मला मागून मॅटचे थर दिले, रेझिन नीट मोजून कालवलं. पुढच्या बाजूचा शेवटचा थर देताना ती कपची चिमट्याने उचलली आणि ओल्या रेझिनमध्ये परत ठेवली. रेझिन वाळलं की त्यातून आरपार दिसतं. सगळीकडे पांढरा रंग दिला, नखाएवढी ती जागा सोडून.

“तेवढं रंगव,” काका म्हणाले.

“रंग संपला, काका.”

आता त्यांचा गुडघा खरंच दुखतो. डॉक्टरकडे पोरगीच नेते. काकांना डाव्या बाजूने चढावं लागतं, म्हणजे माझ्यासमोरून. ते माझ्याकडे बघत नाहीत. मी बघतो.

तर घरातल्या मोठ्यांनो, तुम्हीही आपापल्या शेडमध्ये बघून घ्या, कशाकशावर पुट्टी थापलीय. माझ्यासारखे पुष्कळ आहेत आणि ते सैल होत चाललेत. येतो मी. थोपटायला मात्र जवळ येऊ नका. पोरीने माझी सगळी अंगं घासून गुळगुळीत केलीत, फक्त दाराकडची एक कड खरबरीत राहिलीय. काका चढताना तिथंच हात टेकतात.